चीज : पैशाचे चीज होते काय?

(राष्ट्रीय पोषण आहार सप्ताहानिमित्त परळ येथे भगिनींच्या सभेत केलेले भाषण)



पोषण सप्ताह आला की आम्ही माहिती खात्याची माणसे पालेभाज्या, कडधान्ये आणि लोहयुक्त आहार यांवर बोलावयास येतो. या वेळी संयोजक भगिनींनी विषय बदलून घेतला. "पालेभाज्यांविषयी आम्ही दरवर्षी ऐकतो, पण मुले डब्यात चीज मागतात, त्याविषयी कोणी बोलत नाही," असे त्यांनी सांगितले. त्यांची ही तक्रार मला रास्त वाटली. गिरगाव, दादर, परळ, लालबाग या आपल्या भागांत आज असे घर विरळा की ज्यात आठवड्यातून एकदा तरी चीजची डबी किंवा कापांचे पाकीट येत नाही. सँडविचवर चीज, डोशात चीज, पावभाजीवर चीज; एवढेच काय, वडापावातही चीज शिरले आहे. तेव्हा ज्या पदार्थावर गृहिणी महिन्याला पदरचे पैसे खर्च करते, त्यात नेमके काय असते, हे तिला समजले पाहिजे. कष्टाचे चीज झाले, पैशाचे चीज झाले, असे आपण म्हणतो. या चीजने आपल्या पैशाचे चीज होते किंवा कसे, एवढाच आजचा प्रश्न आहे. मी स्वतः कलाशाखेचा पदवीधर आहे, आहारतज्ज्ञ नव्हे. परंतु आजचा हिशेब बेरीज-वजाबाकीपलीकडे जात नाही, म्हणून तो मांडण्याचे धाडस करीत आहे.

बाजारात आपण ज्याला नुसते 'चीज' म्हणतो, ते बहुधा 'प्रोसेस्ड चीज' म्हणजे प्रक्रिया केलेले चीज असते. मूळ चीज निराळे. दुधाला विरजण लावून व रेनेट नावाचे विकर घालून त्याचा साका धरतात, निवळी काढून टाकतात, मीठ घालून तो साका दाबतात आणि काही आठवडे वा महिने मुरवितात. एक किलो चीजला साधारणतः दहा लिटर गाईचे दूध लागते. म्हशीचे दूध दाट असल्याने ते कमी पुरते. मुंबईला हा प्रकार अगदीच परका नव्हता. दादरच्या पारशी वसाहतीत आणि गिरगावच्या शेजारच्या पारशी बागांतून 'टोपली नू पनीर' पूर्वीपासून ठाऊक आहे. छोट्या टोपलीत धरलेला मऊ साका तो हाच. तो मात्र मुरवीत नाहीत, ताजाच खातात.

मुरविलेल्या चीजची अडचण अशी की ते उष्ण हवेत टिकत नाही आणि वितळवू गेल्यास तूप एकीकडे व चोथा दुसरीकडे होतो. १९११ साली स्वित्झर्लंडमध्ये वाल्टर गेर्बर आणि फ्रिट्झ श्टेटलर यांनी या अडचणीवर उपाय शोधला. चीज किसून, त्यात सायट्रेटचे क्षार घालून ते तापविले, तेव्हा तूप सुटले नाही. एकजीव, गुळगुळीत लगदा तयार झाला आणि तो थंड झाल्यावर पुष्कळ दिवस टिकला. १९१६ साली अमेरिकेत जेम्स क्राफ्ट यांनी आपल्या पद्धतीचे पेटंट घेतले आणि पहिल्या महायुद्धात हे डबाबंद चीज सैन्याच्या शिध्यात गेले. आपल्या मुलांच्या डब्यातील चौकोनी काप हा त्या शोधाचाच वंशज होय.

मुंबईचे दूध आणि चीज

आपल्याकडे हा पदार्थ घरोघरी पोचला त्याची कथा मुंबईच्या दुधाशी निगडित आहे. १९४५ साली तत्कालीन मुंबई सरकारने या शहरासाठी खेडा जिल्ह्यातून, म्हणजे चारशेहून अधिक किलोमीटरवरून, दूध आणण्याची योजना सुरू केली. त्या दुधाच्या भावावरून तेथील शेतकऱ्यांत असंतोष माजला, त्यांनी दूध घालणे बंद केले आणि त्यातूनच १४ डिसेंबर १९४६ रोजी खेडा जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघाची नोंदणी झाली. हाच पुढे 'अमूल' या नावाने देशाला परिचित झाला. १९४८ पासून संघाचे दूध मुंबईस येऊ लागले. इकडे दारा खुरोडी यांच्या पुढाकाराने १९४९ साली आरे दूध वसाहत आकारास आली आणि आरेच्या दूधकेंद्रांपुढे पहाटे कार्ड व रिकाम्या बाटल्या घेऊन उभे राहणे हा गिरणगावच्या घरांचा दिनक्रम बनला. आपल्यापैकी वडीलधाऱ्या भगिनींना तो आठवत असेल.

म्हशी हिवाळ्यात भरपूर दूध देतात आणि उन्हाळ्यात आटतात. मुंबईची गरज मात्र बारमाही सारखीच. हिवाळ्यातील जादा दुधाचे करावयाचे काय, हा प्रश्न संघापुढे उभा राहिला. म्हशीच्या दुधाची भुकटी होऊच शकत नाही, असे परदेशी तज्ज्ञांचे मत होते. हरिचंद दलाया यांनी ती करून दाखविली आणि १९५५ साली आणंद येथे भुकटी व लोण्याचा कारखाना सुरू झाला. पुढे त्याच जादा दुधाचे चीज होऊ लागले आणि तेही म्हशीच्या दुधाचे. १९६३ साली त्रिभुवनदास पटेल, वर्गीस कुरियन आणि दारा खुरोडी या तिघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आपल्या राज्यातही नंतर बारामती, मंचर येथे चीजचे मोठे कारखाने उभे राहिले. तात्पर्य, चीज ही केवळ विलायती चैन नव्हे. दुग्धोत्पादक शेतकऱ्याच्या घामाशी तिचा संबंध आहे. मी आज जे पुढे सांगणार आहे, ते चीजच्या विरोधात आहे असे कृपया कोणी समजू नये.

एका कापात काय असते?

आता हिशेबाकडे वळू. उत्पादकानुसार आकडे थोडेफार बदलतात. परंतु शंभर ग्रॅम प्रक्रिया केलेल्या चीजमध्ये सर्वसाधारणपणे तीनशेच्या आसपास उष्मांक, वीस ग्रॅम प्रथिने, पंचवीस ग्रॅम स्निग्ध पदार्थ आणि पाचशे ते सातशे मिलिग्रॅम कॅल्शियम असते. पिष्टमय पदार्थ अगदी थोडे. 'अ' जीवनसत्त्व आणि 'ब-१२' जीवनसत्त्व त्यातून मिळते, आणि ज्या घरात मांस-मासे-अंडी चालत नाहीत त्या घराला 'ब-१२'चे महत्त्व वेगळे सांगावयास नको. तंतुमय भाग मात्र नाही, 'क' जीवनसत्त्व नाही आणि लोहही नसल्यासारखेच.

शंभर ग्रॅम कोणी एका वेळी खात नाही. काप किंवा क्यूब साधारणतः वीस ग्रॅमचा असतो. त्यातून चार ग्रॅम प्रथिने, पाच ग्रॅम स्निग्ध पदार्थ, साठ उष्मांक आणि शंभर ते दीडशे मिलिग्रॅम कॅल्शियम मिळते. आता शेजारी दुधाचा पेला ठेवा. दोनशे मिलिलिटर दुधात सुमारे सात ग्रॅम प्रथिने आणि दोनशे चाळीस मिलिग्रॅम कॅल्शियम असते. म्हणजे चीजचा एक काप हा प्रथिने व कॅल्शियम यांच्या दृष्टीने साधारण अर्ध्या पेल्याच्या बरोबरीचा झाला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० साली ठरविलेल्या प्रमाणानुसार सात ते नऊ वर्षांच्या मुलाला दररोज साडेसहाशे मिलिग्रॅम, दहा ते बारा वर्षांच्या मुलाला साडेआठशे आणि प्रौढ व्यक्तीला एक हजार मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. कित्येक माता सांगतात, "आमचा बाळू दूध पीत नाही, पण चीज खातो, म्हणून आम्ही निश्चिंत आहोत." या बाळूला दोन पेले दुधाऐवजी डब्यात एक काप मिळत असेल, तर त्याच्या आहारातील तीन चतुर्थांश दूध कोणाच्या नकळत कमी झाले आहे. निश्चिंत राहण्यासारखी ही गोष्ट नव्हे.

ज्यांना दूध पचत नाही, पोट फुगते, त्यांना मात्र चीजचा खरा उपयोग आहे. दुधातील लॅक्टोज ही साखर बहुतांशी निवळीबरोबर निघून जाते, त्यामुळे अशा व्यक्तींना थोडे चीज बहुधा सोसते.

मीठ कोठून आले?

हिशेबाची दुसरी बाजू मिठाची आहे. शंभर ग्रॅम चीजमध्ये साधारणतः एक ते दीड ग्रॅम सोडियम असते. वीस ग्रॅमच्या कापात ते दोनशे ते तीनशे मिलिग्रॅम होते. मिठाच्या भाषेत बोलायचे तर अर्धा ते पाऊण ग्रॅम मीठ. अर्ध्या पेला दुधात निसर्गतः चाळीस-पन्नास मिलिग्रॅम सोडियम असते. म्हणजे कापाबरोबर पाचपट किंवा त्याहून अधिक सोडियम पोटात जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढ व्यक्तीने दिवसभरात सर्व मार्गांनी मिळून दोन हजार मिलिग्रॅमहून, म्हणजे पाच ग्रॅम मिठाहून कमी सोडियम घ्यावे. लहान मुलांची मर्यादा त्याहून कमी.

हे मीठ चवीपुरते घातलेले असते, असा आपला समज असतो. तो अर्धाच खरा आहे. दुधातील केसीन हे प्रथिन कॅल्शियमच्या दुव्यांनी एकमेकांस जखडलेले असते. गेर्बर आणि श्टेटलर यांनी वापरलेले क्षार, म्हणजे सोडियम सायट्रेट किंवा आज अधिक वापरात असलेले सोडियम फॉस्फेट, त्या दुव्यातील कॅल्शियम आपल्याकडे ओढून घेतात आणि त्या जागी सोडियम देतात. मग केसीन मोकळे होते, पाण्यात मिसळते आणि तुपाच्या कणांभोवती आवरण धरते. तव्यावर चीज सुरेख वितळते ते या क्षारांमुळेच. थोडक्यात, ज्या गुणासाठी आपण ते विकत घेतो, त्या गुणाचे मोल सोडियमच्या रूपाने द्यावे लागते. कारखानदाराने वरून घातलेले मीठ कमी केले तरी वितळविणाऱ्या क्षारांतील सोडियम उरतेच. वेष्टनावर 'इमल्सीफायर' या शब्दापुढे जे ३३१, ३३९ असे क्रमांक दिसतात, ते अनुक्रमे सायट्रेट व फॉस्फेट यांचेच होत.

स्निग्ध पदार्थांचेही पाहू. कापातील पाच ग्रॅमपैकी सुमारे तीन ग्रॅम संपृक्त मेद असतो. लेबलवरील टक्केवारी काढताना प्रौढासाठी दिवसाचे बावीस ग्रॅम संपृक्त मेदाचे प्रमाण धरतात. एका कापाने फारसे बिघडत नाही. परंतु गिरगावातील किंवा दादर स्थानकाबाहेरील एखाद्या गाडीवर सँडविच बनविताना जरा थांबून पाहा. पावाला दोन्ही अंगांनी खारे लोणी, आत चटणी व मसाला, त्यावर किसलेल्या चीजचा थर आणि भाजून झाल्यावर पुन्हा चीजचा डोंगर! यात चाळीस ग्रॅम चीज सहज जाते. त्याचेच सोडियम चारशे ते सहाशे मिलिग्रॅम झाले. पाव, लोणी व मसाला यांतील मीठ वेगळे. महाविद्यालयीन मुलामुलींचा हा रोजचा नाश्ता झाला असेल आणि घरात रक्तदाबाचा वारसा असेल, तर आईवडिलांनी त्याची दखल घेणे आवश्यक आहे. ही गाडीवाल्यांवर टीका नव्हे. गिऱ्हाईक जे मागते ते तो देतो.

पैशाचा हिशेब

या विभागाची घडण गिरण्यांनी केली. कोकणातून आलेला गिरणी कामगार आणि त्याला जेवू घालणाऱ्या खानावळीच्या बाया यांनी येथे एक आहारपद्धती रुजविली : नाचणी-तांदळाची भाकरी, उसळ, कधी सुका जवळा, कधी ताजे मासे. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले, ते याच खानावळवाल्या भगिनींसाठी. १९८२च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, त्यांच्या जमिनींवर टोलेजंग इमारती व मॉल उभे राहिले आणि खाण्याचे रिवाजही पालटले. नातवाला भाकरी नको असते, त्याला चीज हवे असते. आजीला वाटते, आपले जुने अन्न कमी प्रतीचे होते.

ते तसे होते काय? नाचणीच्या शंभर ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. पन्नास ग्रॅम पिठाच्या एका भाकरीत चीजच्या कापाहून ते अधिकच भरते. नाचणीतील सर्व कॅल्शियम शरीरात उतरत नाही, दुधातील अधिक सुलभतेने उतरते, हे खरे. पण भाकरीबरोबर तंतुमय पदार्थ मिळतात आणि मीठ आपल्या हातात राहते. तिळात तर शंभर ग्रॅममागे हजार मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम आहे; भाकरीवर किंवा चटणीत चमचाभर तीळ घालावयास कितीसा खर्च येतो? सुक्या जवळ्याची कोळंबी कवचासकट खाल्ली जाते, म्हणून तिचेही कॅल्शियम मिळते. प्रथिनांचे म्हणाल तर लालबागच्या चिवडा गल्लीत जा. तेथील फुटाण्यांत आणि शेंगदाण्यांत शंभर ग्रॅमला वीस ते पंचवीस ग्रॅम प्रथिने असतात, म्हणजे चीजइतकीच किंवा थोडी अधिक. दुधाच्या प्रथिनाची प्रत वरची आहे, हे मान्य. पण चीजच्या छोट्या डबीच्या किमतीत तेथे किती फुटाणे येतात, याचा भाव भगिनींनी स्वतः विचारावा. घरी फाडलेल्या दुधाचे पनीरही विसरू नये. त्यात प्रथिने व कॅल्शियम जवळजवळ चीजएवढेच असते आणि मीठ आपण घालू तेवढेच.

माझे स्वतःचे मत विचाराल, तर मुलाला आठवड्यातून दोन-तीन वेळा एखादा काप द्यावा आणि तो पोळीत भाजीबरोबर गुंडाळून द्यावा. चीजच्या आमिषाने कोबी, गाजर, मेथी पोटात जात असेल, तर त्या कापाने मोठेच काम केले. त्या दिवशी भाजीत मीठ थोडे कमी टाकावे. मात्र दुधाचा पेला बंद करू नये.

चीज की चीजसारखे?

इथपर्यंत आपण जे बोललो, ते खऱ्या चीजविषयी. आता एक निराळीच बाब लक्षात घेतली पाहिजे. कायद्याने प्रक्रिया केलेल्या चीजमध्ये पाणी ४७ टक्क्यांहून अधिक असता कामा नये आणि कोरड्या भागात दुधाचा स्निग्धांश किमान ४० टक्के असला पाहिजे. म्हणजे शंभर ग्रॅममध्ये एकवीस ग्रॅमहून अधिक. 'चीज स्प्रेड'मध्ये ६० टक्क्यांपर्यंत पाणी चालते. डबी तेवढीच दिसली, तरी स्प्रेडमध्ये आपण अधिक पाणी विकत घेत असतो.

याखेरीज बाजारात 'ॲनालॉग' नावाचा पदार्थ येतो. यात दुधाच्या स्निग्धांशाऐवजी पामतेलासारखे वनस्पती तेल आणि पुष्कळदा दुधाच्या प्रथिनांऐवजी पिष्ट घालतात. तो दिसतो चीजसारखा, वितळतो चीजसारखा आणि स्वस्त पडतो. तो विकणे हा गुन्हा नव्हे. त्याला चीज म्हणून विकणे हा गुन्हा आहे. अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ साली झाला आणि ५ ऑगस्ट २०११ पासून अमलात आला. त्याखालील नियमांप्रमाणे अशा पदार्थास दुग्धजन्य पदार्थाचे नाव देता येत नाही. २०२३ साली राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने अहमदनगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर, येथील एका मोठ्या खाद्यगृहावर याच कारणावरून कारवाई केली होती. ग्राहकाच्या दृष्टीने यातील नुकसान दुहेरी आहे. पैसे चीजचे जातात, आणि कॅल्शियम व प्रथिने मिळतील म्हणून आपण जे मीठ व मेद पत्करतो, ते पदरात पडून कॅल्शियम व प्रथिने मात्र हाती लागत नाहीत.

म्हणून पाकीट घेताना पुढील चित्र पाहू नका, मागची बारीक अक्षरे वाचा. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. पहिले नाव 'चीज' असले पाहिजे. तेथे खाद्यतेल किंवा स्टार्च आढळल्यास काय ते समजावे. प्रथिनांचा आकडा शंभर ग्रॅमला वीसच्या जवळपास आहे की नाही, हे पाहावे. दोन कंपन्यांची पाकिटे शेजारी धरून सोडियमचा आकडा ताडावा. हिरवी खूण असल्यास त्यात प्राण्यापासून काढलेले रेनेट नाही, असे शाकाहारी घरांनी धरून चालावे. चौदा आकडी परवाना क्रमांक नसलेले सुटे चीज घेऊच नये. चष्मा घरी राहिला असेल, तर दुकानातल्या एखाद्या शाळकरी मुलाकडून वाचून घ्या. तोही एव्हाना हे सारे शिकेल.

भाषणापूर्वी काही भगिनींनी चिठ्ठ्या दिल्या होत्या, त्यांतील तीन प्रश्नांची उत्तरे देतो.

पहिला प्रश्न : चीज उघडल्यावर किती दिवस टिकते? वेष्टनावर जी मुदत लिहिलेली असते, ती बंद पाकिटाची. उघडल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात शीतकपाटात ठेवावे, उत्पादकाने दिलेल्या दिवसांत संपवावे आणि बुरशी दिसल्यास सर्वच टाकून द्यावे. शाळेच्या डब्यात द्यावयाचे असल्यास सकाळी, निघतेवेळी घालावे.

दुसरा प्रश्न एका सासूबाईंचा दिसतो : दहा महिन्यांच्या नातवाला सून चीज चाटविते, ते योग्य काय? वर्षाच्या आतील बाळाच्या अन्नात वरून मीठ घालू नये, असे आहारतज्ज्ञ सांगतात. चीजमध्ये मीठ आधीच आहे. तेव्हा बाळ वर्षाचे होईपर्यंत ते देऊ नये. नंतरही किंचित द्यावे.

तिसरा प्रश्न मूत्रपिंडाच्या विकाराविषयी आहे. ज्यांना असा विकार आहे, त्यांना सोडियम तर जपावे लागतेच. शिवाय वितळविणाऱ्या क्षारांतील फॉस्फेट शरीरात चटकन शोषले जाते आणि दुर्बल मूत्रपिंडास ते बाहेर टाकणे कठीण जाते. अशा रुग्णांनी डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून प्रक्रिया केलेले चीज खाऊ नये. आपले केईएम रुग्णालय येथून जवळच आहे. तपासणीस जाताना पाकीट बरोबर न्यावे आणि मागील मजकूर तेथील आहारतज्ज्ञास दाखवावा.